ती उठून गेली, तेही एक मतच आहे

प्रिय ताई,

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा सिनेमा बघणाऱ्यांचा एक छोटा ग्रुप आहे. शनिवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर प्रोजेक्टर लावतो, भिंतीवर चादर ताणतो आणि ज्याची पाळी असेल त्याने निवडलेला सिनेमा बघतो. मागच्या वेळी पाळी माझी होती. मी 'द रूल्स ऑफ अट्रॅक्शन' हा अमेरिकन कॉलेजातल्या पोरांवरचा सिनेमा लावला. सुरुवातीच्या पार्टीत एक माणूस लॉरेन या नायिकेच्या अंगावर ओकतो तिथे मुलं खूप हसली. मीही हसलो. तेवढ्यात आमची एक मैत्रीण उठली आणि निघून गेली. मला वाटलं घरून फोन आला असेल. पण तेव्हापासून ती ग्रुपमध्ये येत नाही, माझ्याशी बोलत नाही. मी तिला मोठा मेसेज लिहिला, की हा उपहास आहे, दिग्दर्शक त्या पोरांच्या बाजूने नाही, तू शेवटपर्यंत थांबायला हवं होतंस. तिने वाचला, पण उत्तर नाही.

मग मी या सिनेमावर लोकांनी काय काय म्हटलंय ते वाचत बसलो. कुणी म्हणतं, कॉलेज तंतोतंत असंच असतं. कुणी म्हणतं, एकही माणूस आवडावा असा नाही, दोन तास फुकट गेले. कुणी म्हणतं, ज्यांना झेपत नाही त्यांनी हे बघूच नये. मला तर सिनेमा जबरदस्त वाटला. यातलं कोण बरोबर? माझं चुकलं, की तिला सिनेमा कळला नाही? आणि मैत्री तुटू नये म्हणून काय करू?

— एक सिनेमावेडा, पुणे

प्रिय सिनेमावेड्या,

तिला सिनेमा कळला. हे आधीच सांगते, कारण तुझ्या सगळ्या पत्राच्या मुळाशी 'तिला कळला नाही' ही समजूत आहे, आणि ती तशीच राहिली तर पुढचं काही नीट होणार नाही. पडद्यावर एक मुलगी शुद्ध हरपून पडली होती. एक अनोळखी माणूस तिच्यावर बलात्कार करत होता, दुसरा त्याचं चित्रीकरण करत होता. आणि खोली हसत होती. तुझ्या मैत्रिणीने हे सगळं पाहिलं आणि या खोलीत बसायचं नाही असं ठरवलं. सिनेमाबद्दलचं आणि तुमच्याबद्दलचंही हे एक पुरतं मत आहे. तुझ्या पत्रात ओकण्याचा उल्लेख आहे, पण तो माणूस तिथे मुळात काय करत होता ते तू लिहिलेलं नाहीस. पत्र पुन्हा वाचलंस तर तुझ्याही लक्षात येईल.

तू वाईट मुलगा आहेस असं मला वाटत नाही. तो प्रसंग हसू यावं असाच रचलेला आहे. आपल्यावर काय ओढवलं ते लॉरेन स्वतःच सांगते, आणि सांगताना तिचा आवाज बस चुकल्याची हकिगत सांगावी इतका कोरडा असतो. बघणाऱ्याला वाटतं, हिलाच फारसं काही वाटत नाहीये, तर आपण कशाला गंभीर व्हायचं? मग ओकारीचा क्षण येतो आणि इतका वेळ कोंडलेलं अवघडलेपण हसण्यावाटे बाहेर पडतं. त्यानंतर चित्र उलटं फिरू लागतं. तीच रात्र तिच्याच कॉलेजातल्या पॉलच्या वाट्याची, मग शॉनच्या वाट्याची, आणि मग अख्खं सत्र मागे जातं. शेवटाकडे आपण पुन्हा त्याच पार्टीत येतो. मधल्या काळात लॉरेन कोण आहे ते आपल्याला कळलेलं असतं. युरोपात भटकणाऱ्या व्हिक्टरची वाट बघत राहिलेली, मोहात पडू नये म्हणून गुप्तरोगांच्या फोटोंचं पुस्तक उघडून बसणारी ही मुलगी आता परकी राहिलेली नसते. त्यामुळे पहिल्या वेळचं हसू आता आपल्यालाच बोचतं. दिग्दर्शक रॉजर एव्हरीचा बेत हा असा आहे.

बेत हुशारीचा आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला हसणं परवडतं. प्रत्येकाला ते परवडत नाही. पार्टीत कुणी तरी हातात ग्लास दिल्यावर ज्या मुलीला तो सतत नजरेसमोर ठेवावा लागतो, रात्री उशिरा घरी जाताना जी मैत्रिणीला रिक्षाचा नंबर पाठवते, तिला तो प्रसंग समजायला उरलेल्या दीड तासाची गरज नसते. सिनेमा ज्या जाणिवेपर्यंत तुला हाताला धरून नेणार होता, तिथे ती आधीपासूनच उभी होती. म्हणूनच 'तू शेवटपर्यंत थांबायला हवं होतंस' हे तिला लिहिणं बरोबर नव्हतं.

आणखी एक सांगते. मला हा सिनेमा आवडतो, तरी ती ओकारी मला दिग्दर्शकाची सगळ्यांत हलकी निवड वाटते. कोरडा आवाज पुरेसा होता. चित्रीकरण करणारा तो विद्यार्थीही पुरेसा होता. त्यावर ओकण्याची भर घातली की प्रसंगाचा विनोदी शेवट होतो आणि प्रेक्षकाला सुटायला वाट मिळते. उपहासाने प्रेक्षकाला अशी वाट देऊ नये. याच सिनेमात तशी वाट न देणारा एक प्रसंग आहे, आणि तो याच दिग्दर्शकाला जमला आहे.

शॉनच्या टपालपेटीत जांभळ्या कागदावरची निनावी प्रेमपत्रं येत राहतात. तो ठरवून टाकतो की ती लॉरेनची आहेत, आणि त्या आधारावर लॉरेनच्या प्रेमात पडतो. पत्रं लिहिणारी मुलगी वेगळीच असते. कॉलेजच्या भोजनगृहात काम करणारी, त्याच्या आसपास सतत वावरणारी. तो तिच्याकडे एकदाही नीट बघत नाही. एका पार्टीत त्याला दुसऱ्याच मुलीबरोबर जाताना ती बघते आणि बाथटबमध्ये जीव देते. तिथे कॅमेरा घाई करत नाही, मान वळवू देत नाही. तुझे ते हसणारे मित्र तिथे हसले नसणार, मला खात्री आहे.

आणि मग लक्षात येतं की ती मुलगी आधीपासून चौकटीत होती. पार्टीच्या गर्दीत, जेवणाच्या रांगेपलीकडे, कोपऱ्यात. शॉनला ती दिसली नाही, ठीक, पण आपल्यालाही दिसली नाही. पहिल्यांदा सिनेमा बघणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणालाच दिसत नाही. श्रेयनामावलीतही तिला नाव नाही, भोजनगृहात काम करणारी मुलगी एवढीच नोंद आहे. भूमिका केली आहे थेरेसा वेमनने, जी पुढे 'वॉरपेंट' या बँडमुळे ओळखली गेली. माझ्या मते अख्ख्या सिनेमाचा राग या एका मुलीत साठलेला आहे. श्रीमंत घरची, बुद्धिमान, देखणी पोरं एकमेकांवर प्रेम केल्याचं दिवसभर बोलतात आणि समोरच्या माणसाकडे एकदाही बघत नाहीत. त्या शनिवारी तुमच्या खोलीत एक मुलगी उठून गेली आणि तू फोन आला असेल म्हणून पुढे बघत राहिलास. तुला दोषी ठरवायला मी हे लिहीत नाही. सिनेमा तुला जबरदस्त वाटला म्हणतोस, तर तो तुझ्याबद्दल काय सांगतोय तेही ऐकून घे.

आता लोकांच्या मतांबद्दल. ती वाचताना प्रत्येक मत कुठल्या सालातलं आहे ते बघायची सवय लाव. सिनेमा अमेरिकेत ऑक्टोबर २००२ मध्ये आला. तेव्हा तरुणांसाठीच्या अचरट विनोदी सिनेमांची लाट होती आणि हा सिनेमाही साधारण तसाच विकला गेला. पोस्टरवर मऊ खेळण्यातले प्राणी कामक्रीडेच्या पवित्र्यात मांडलेले होते. नटही मुद्दाम घरगुती मालिकांमधले घेतले होते. शॉन झालेला जेम्स व्हॅन डर बीक तेव्हा 'डॉसन्स क्रीक'मधला सरळमार्गी मुलगा म्हणून घरोघरी माहीत होता, जेसिका बील 'सेव्हन्थ हेवन'मधली पाद्र्याची मुलगी. त्यांना बघायला आलेल्या प्रेक्षकाचा संताप होणं साहजिकच होतं. 'दोन तास फुकट गेले' म्हणणाऱ्यांतले कित्येक जण हे. फसवल्याची त्यांची तक्रार खरी आहे, फक्त ती बरीचशी जाहिरातीबद्दल आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्या काळात अमेरिकेची एफबीआय ही संस्था बलात्काराच्या आकडेवारीसाठी जी व्याख्या वापरत होती ती १९२७ पासूनची होती, आणि तिच्यात बळजबरीची अट होती. शुद्धीत नसलेल्या, म्हणून प्रतिकारच न केलेल्या मुलीची गोष्ट त्या व्याख्येत नीट बसत नव्हती. ही व्याख्या बदलल्याची घोषणा जानेवारी २०१२ मध्ये झाली. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा करून आपल्या महाविद्यालयांना सांगितलं की संमती स्पष्ट होकारानेच धरायची, गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या आवारात बेशुद्ध मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला गाजला. आरोपीला फक्त सहा महिन्यांची शिक्षा झाली, लोक खवळले, आणि २०१८ मध्ये मतदारांनी त्या न्यायाधीशाला पदावरून दूर केलं. मधल्या काळात, २०१७ च्या ऑक्टोबरात, 'मी टू' आलं. म्हणून २००३ साली तो प्रसंग 'भन्नाट काळा विनोद' म्हणणारा माणूस आणि आज तो बघून आवंढा गिळणारा माणूस वेगवेगळ्या जगांतून आलेत. सिनेमा तोच आहे, बघणाऱ्याच्या मागचं जग बदललंय. तुझी मैत्रीण आजची आहे. तू मात्र त्या रात्री वीस वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकासारखा हसलास.

आणि हे फक्त तिकडचं समजू नकोस. आपल्याकडे नशेमुळे आपण कशाला होकार देतोय हे समजण्याच्या स्थितीत नसलेल्या बाईची संमती ही संमती धरली जात नाही, हे जुन्या दंडविधानात होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमातही आहे. बाईच्या खाजगी क्षणांचं तिच्या संमतीशिवाय चित्रण करणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम ७७. सिनेमातला तो कॅमेरावाला विद्यार्थी बऱ्याच जणांच्या लक्षातही राहत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा मला तर बलात्कार करणाऱ्याइतकाच तोही भयंकर वाटतो. त्याने मदतीला धावायचं सोडून चौकट साधली.

'कॉलेज तंतोतंत असंच असतं' हे मत मला पटत नाही. सिनेमातलं कॅमडेन कॉलेज कुठे अस्तित्वातच नाही. लेखक ब्रेट ईस्टन एलिसने आपल्या कादंबऱ्यांसाठी ते उभं केलं, आणि हा सिनेमा त्यांतल्या १९८७ च्या कादंबरीवरून घेतला आहे. तो स्वतः व्हरमाँटमधल्या बेनिंग्टन कॉलेजात शिकला. हे एक छोटं, कलांना वाहिलेलं आणि महागडं निवासी कॉलेज. कादंबरी आली तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता, आणि ज्या वर्गाबद्दल लिहीत होता त्याच वर्गातला होता. ऐंशीच्या दशकातल्या, पैशाला तोटा नसलेल्या, घरच्यांनी लांब पाठवून दिलेल्या पोरांचं ते चित्र आहे. एव्हरीने ते उचलून आपल्या काळात आणलं. अमेरिकेतही बहुतेक मुलं अशा कॉलेजांत जात नाहीत. नोकरी सांभाळत, कर्ज काढून, सरकारी विद्यापीठात किंवा दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात शिकणारी मुलं खूप आहेत. त्यांच्या वाट्याला आलेलं कॉलेज या सिनेमात कुठे दिसत असेल, तर जेवण वाढणाऱ्या त्या मुलीपाशी.

तरीही ते मत मांडणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही. गर्दीत एकटं पडणं, आपण ज्याच्यावर झुरतोय त्याला आपलं नावही माहीत नसणं, हे त्याने अनुभवलेलं असतं आणि ते त्याला पडद्यावर अचूक सापडतं. शॉन आणि लॉरेन शनिवारी सकाळी वर्गाबाहेर भेटतात तो प्रसंग आठव. पडदा दुभंगलेला, दोघं दोन बाजूंनी चालत येतात, समोरासमोर उभी राहतात आणि दोन चित्रं एकमेकांत मिसळून एक होतात. कॉलेजातल्या पहिल्या ओढीबद्दल इतकं नेमकं दृश्य मी फार कमी सिनेमांत पाहिलंय. तेच तंत्र पॉलसाठी किती निर्दयपणे वापरलंय तेही बघ. एका अर्ध्यात पॉलच्या मनातलं प्रेम, दुसऱ्यात शॉन एकटाच, त्याला पत्ताही नाही. तू याला जबरदस्त म्हणालास, त्यात मी पूर्ण तुझ्याबरोबर आहे. सिनेमा आवडणं ही तुझी चूक नाही आणि त्याबद्दल कुणाची माफीही मागायची नाही. आपल्या लेखनावरच्या सिनेमांपैकी आपली वृत्ती याच सिनेमाने सगळ्यांत नीट पकडली, असं एलिसनेही सांगितलंय.

एकही माणूस आवडावा असा नाही, हे खरंच आहे. तसा असायलाच हवा असा नियम नाही, एवढंच.

उरलं ते 'ज्यांना झेपत नाही त्यांनी बघू नये'. या मताची मला चीड आहे. जे बघून त्रास व्हायला हवा ते बघून त्रास न होणं ही यात अभिमानाची गोष्ट होते. एव्हरीने सिनेमा प्रेक्षक निबर व्हावा म्हणून केलेला नाही. तो बाथटबचा प्रसंग असा माणूस तरी करणार नाही. तू तिला लिहिलेला लांबलचक मेसेज याच मताचं सभ्य रूप होता, हे मात्र तुला सांगितलंच पाहिजे.

तर आता काय करायचं. तिला एकच छोटा मेसेज लिही. सिनेमाचं नाव, दिग्दर्शकाचा हेतू, उपहास, यातलं काहीही त्यात नको. मी लिहिला असता तर असा लिहिला असता: 'त्या प्रसंगात बलात्कार आहे हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी कुणालाच सांगितलं नाही. आम्ही हसलो, मीही हसलो. तू गेलीस तेव्हा मी मागे आलो नाही. नंतर तुलाच समजवायला गेलो. या सगळ्याबद्दल माफ कर. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.' तुझ्या शब्दांत लिही, पण यापेक्षा लांब नको. सिनेमा निवडणाऱ्याने तो आधी पाहिलेला होता, असं मी धरून चालले आहे. नसशील पाहिलेला, तर ते पहिलं वाक्य बदल.

मेसेजनंतर थांब. तिच्या मैत्रिणीकडून चौकशी करू नकोस. 'तिच्या बाबतीत तसं काही घडलंय का' हा प्रश्न ग्रुपमध्ये कुणी काढला तर तिथेच तोडून टाक. एखादी मुलगी असा प्रसंग बघून उठली की तिच्या आयुष्यात काही तरी झालेलंच असणार, ही समजूत तिच्या रागाला आजारासारखं वागवते. तिला राग यायला त्या खोलीतलं हसणं पुरेसं होतं. आणि समजा खरंच काही घडलेलं असेल, तर ते कुणाला, केव्हा सांगायचं हे तीच ठरवेल.

मित्रांशी बोलणं हे तुझंच काम आहे, तिचं नाही. सिनेमा तू लावला होतास. 'ती फार सेन्सिटिव्ह आहे' असं कुणी म्हणेल, तेव्हा गप्प बसू नकोस. आपण कशाला हसलो ते एकदा सरळ शब्दांत मांड, आणि तिथेच थांब. भाषण नको. दोघं तरी गप्प होतील, एखादा चिडेल. चिडू दे.

पुढच्या वेळी कुणीही काहीही लावणार असेल, तर दोन दिवस आधी ग्रुपवर दोन ओळी टाकायची पद्धत पाडा: यात बलात्काराचा प्रसंग आहे, आत्महत्या आहे, नशा आहे. ज्याला यायचं नाही त्याला कारण विचारायचं नाही. मधून उठलं तरी चालेल, हे निवडणाऱ्याने सुरुवातीलाच बोलून दाखवायचं. कुणी उठलंच, तर सिनेमा थांबवून एकाने बाहेर जाऊन बघायचं, बरं आहे ना, कुणी घरी सोडायला हवंय का. आत्महत्या असलेला सिनेमा असेल तर त्या दोन ओळींखाली टेलि-मानसचा १४४१६ हा नंबरही टाका. सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. हॉस्टेलवर एकटा राहणारा कोण कुठल्या अवस्थेत तुमच्या खोलीत येऊन बसलाय, ते तुम्हाला माहीत नसतं.

आधी सांगितलं तर धक्का निघून जाईल, असं तुझ्यातला सिनेमावेडा म्हणेल. या सिनेमापुरतं तरी त्याचं उत्तर सिनेमातच आहे. तो शेवटच्या रात्रीपासून सुरू होतो. काय होणार ते पहिल्या दहा मिनिटांत दाखवून टाकतो आणि तरीही शेवटी पकड सोडत नाही. तिथे पोचल्यावर वाक्यही अर्धवट तोडतो. धक्क्यावर जगणारा सिनेमा हा नव्हेच.

आणि तुला तो पुन्हा बघायचा असेल तर बघ. एकटा बघ किंवा त्या दिवशी हसलेल्या मित्रांना घेऊन. फक्त या वेळी शॉनवरून नजर काढ आणि पत्रं लिहिणारी मुलगी प्रत्येक गर्दीत शोध. जेवणाच्या रांगेपासून सुरुवात कर. ती दिसली की तिथे सिनेमा थांबव, मित्रांना दाखव, आणि आधी कुणाच्या लक्षात आली होती का ते विचार.

तुझी,
ताई